बायोप्सीचा तुकडा आपल्याच रुग्णाचा आहे, याची खात्री प्रयोगशाळेत कशी करतात?

तापीकाठ (रावेर) :

माझे वडील रावेर तालुक्यातील आमच्या गावी केळीची शेती पाहतात. त्यांचे वय ६८ आहे. लघवीचा त्रास वाढल्यामुळे जळगावच्या एका खासगी रुग्णालयात तपासणी केली. रक्तातील पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारे प्रथिन) सहाच्या आसपास निघाला, म्हणून प्रोस्टेट ग्रंथीची बायोप्सी करण्यात आली. ग्रंथीच्या वेगवेगळ्या भागांतून सुईने बारा तुकडे घेतले होते. त्यांपैकी एकाच तुकड्यात, तोही थोड्याशा भागात, कर्करोग असल्याचे रिपोर्टमध्ये म्हटले आहे. उरलेले अकरा तुकडे निर्दोष आहेत. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा पर्याय पुढे ठेवला आहे.

माझ्या शंकेचे कारण असे की, त्याच दिवशी त्याच रुग्णालयात आमच्याच गावच्या, आमच्याच आडनावाच्या आणि पहिले नावही तेच असलेल्या दुसऱ्या एका गृहस्थांची हीच बायोप्सी झाली. खानदेशात पाटील, चौधरी, महाजन ही आडनावे गल्लोगल्ली असतात, त्यामुळे यात नवल काहीच नाही. परंतु दोघांच्या बाटल्या एकाच कुरियरने बाहेरगावच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि आमच्या पावतीवर वडिलांचे मधले नाव लिहिलेलेच नव्हते. त्या गृहस्थांचा पीएसए माझ्या वडिलांपेक्षा बराच जास्त होता, तरी त्यांचा रिपोर्ट पूर्ण निर्दोष आला. हा योगायोग असू शकतो, हे मी जाणतो. प्रयोगशाळेने मात्र "आमच्याकडे अदलाबदल होतच नाही" एवढे सांगून फोन ठेवला.

तो तुकडा माझ्या वडिलांचाच आहे, हे ठरवण्याच्या शास्त्रीय पद्धती कोणत्या आहेत? वडिलांचा रक्तगट बी आहे आणि त्या गृहस्थांचा ओ. तेवढ्यावरून काम भागेल का? फॉर्मलीन आणि मेणात गेलेल्या तुकड्यातून डीएनए मिळतो का? आणि या सगळ्यासाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलणे योग्य ठरेल का? दोन्ही घरांचे संबंध चांगले असून तपासणीसाठी त्यांचीही तयारी आहे.

सूक्ष्मदर्शी (धुळे) :

मी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण घाईत शस्त्रक्रिया उरकण्याचा दबाव घरच्यांवर फार लवकर येतो. प्रोस्टेटच्या बायोप्सीनंतर ग्रंथीभोवतालची सूज उतरावी म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी साधारणपणे सहा ते आठ आठवडे थांबण्याची पद्धत आहे. आपल्याला हवी असलेली पडताळणी बहुधा त्याच काळात बसेल. तरीही आपली शंका मूत्ररोगतज्ज्ञांना लेखी कळवा आणि किती थांबायचे हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

आता मूळ मुद्दा. नमुन्याच्या ओळखीतील चूक दोन प्रकारची असते आणि तिचा शोधही दोन वेगळ्या वाटांनी घ्यावा लागतो. पहिल्या प्रकारात एका रुग्णाची संपूर्ण बाटली, कॅसेट (तुकडा ठेवण्याची छोटी डबी) किंवा तपासणीची काच दुसऱ्याच्या नावावर जाते. दुसऱ्या प्रकारात बाटली बरोबर असते, ब्लॉकही (तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा) बरोबर असतो, परंतु दुसऱ्या कोणाच्या तरी ऊतीचा बारीक कण मध्येच कुठेतरी येऊन बसतो. आपण सगळे पहिल्याच प्रकाराची भीती बाळगतो, पण दुसराही घडतो. अमेरिकेतील २७५ प्रयोगशाळांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जुन्या काचा पुन्हा तपासल्या तेव्हा २.९ टक्के काचांवर परकी ऊती आढळली होती. त्यांतील बहुतेक कण निरुपद्रवी असतात आणि अनुभवी डोळ्याला ते लगेच कळतात. मात्र बारांपैकी एकाच तुकड्यात, तोही अगदी लहान, कर्करोग दिसतो तेव्हा या दुसऱ्या प्रकाराचा विचार करणे भाग असते.

परका कण कुठून येतो, हे समजण्यासाठी तुकड्याचा प्रवास पाहावा लागेल. प्रोस्टेटचा सुईतुकडा जेमतेम एक मिलिमीटर रुंद आणि दीडएक सेंटिमीटर लांब असतो. ओल्या दोऱ्यासारखा तो चिमट्याला चिकटतो आणि सहज तुटतो. प्रयोगशाळेत तो बाटलीतून काढून, मोजून, क्रमांक लिहिलेल्या कॅसेटमध्ये ठेवतात. हा क्रमांक पेन्सिलीने किंवा खास छपाईने घालावा लागतो, कारण साधी शाई पुढे अल्कोहोल आणि झायलीनमध्ये धुऊन जाते. मग रात्रभर यंत्रात अनेक रुग्णांच्या कॅसेट त्याच द्रावणांतून फिरतात. सकाळी प्रत्येक तुकडा वितळलेल्या मेणात बसवतात, ब्लॉक गोठला की मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात आणि मेणाची ती पातळ फीत कोमट पाण्याच्या पसरट भांड्यावर तरंगत सोडून काचेवर उचलतात. आधीच्या ब्लॉकचा एखादा कण त्या पाण्यावर राहिला असेल, तर तो पुढच्या रुग्णाच्या काचेवर येतो.

यावरून एक साधी आणि स्वस्त परीक्षा निघते. कण पाण्यावरून आला असेल तर तो फक्त काचेवर असतो, ब्लॉकमध्ये नसतो. त्यामुळे त्याच ब्लॉकचे आणखी खोलवरचे काप काढून पाहणे ही पहिली पायरी आहे. पुढच्या कापांत कर्करोगाचा तोच भाग त्याच तुकड्यात सलग दिसत गेला, तर पाण्याच्या भांड्यावरचा संशय मिटतो. मात्र चिमट्यामुळे किंवा कॅसेटमध्येच मिसळ झाली असेल, तर परका कण ब्लॉकच्या आतच असतो आणि खोल कापांतही दिसतो. तिथे ही परीक्षा निरुत्तर होते.

त्याआधी कागद वाचा. रिपोर्टच्या सुरुवातीच्या स्थूल वर्णनात प्रत्येक बाटलीत किती तुकडे होते आणि ते किती लांब होते, हे लिहिलेले असते. "उजवी बाजू, मधला भाग, दोन तुकडे, १.२ आणि ०.९ सेंमी" असे वर्णन असताना काचेवर तीन तुकडे दिसत असतील, तर चौकशी तिथूनच सुरू व्हायला हवी. मागणीपत्रावरील नाव, बाटलीवरील लेबल, प्रयोगशाळेचा नोंदणी क्रमांक, कॅसेटचा क्रमांक आणि काचेचा क्रमांक अशी साखळी कागदावर जुळवून देण्याची विनंती लेखी करावी. दोन्ही रुग्णांचे क्रमांक पाठोपाठचे आहेत का, तेही पाहावे. पाठोपाठचे असतील तर संशयाला बळ येते. त्यात शेकड्याचे अंतर असेल तर बाटल्यांच्या लेबलांकडे अधिक लक्ष द्यावे लागेल.

रक्तगटाबद्दल सांगायचे तर तो मार्ग जुना असला तरी टाकाऊ नाही. ए आणि बी हे प्रतिजन (रक्तगट ठरवणाऱ्या खुणा) तांबड्या पेशींवर असतात, तसेच रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही असतात, आणि मेणातील कापावर प्रतिपिंडांचे रंजन करून ते पाहता येतात. आपल्या प्रकरणात बी विरुद्ध ओ असल्यामुळे ही चाचणी कामाची आहे. कर्करोगाच्या भागातील वाहिन्यांवर बी प्रतिजन दिसला, तर तो भाग त्या गृहस्थांचा नव्हे, एवढे नक्की. परंतु तो वडिलांचाच आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही, कारण त्या दिवशी प्रयोगशाळेत बी गटाचे आणखी कितीतरी रुग्ण असतील आणि आपल्या देशात बी गट भरपूर आढळतो. वाचन रक्तवाहिन्यांवरच करावे. कर्करोगाच्या पेशी स्वतः हे प्रतिजन पुष्कळदा गमावतात, त्यामुळे त्यांच्यावर बी दिसला नाही म्हणून निष्कर्ष काढता येत नाही. रक्तगटाने एखाद्याला वगळता येते, ओळख पटवता येत नाही. ओळख पटवण्यासाठी डीएनएकडेच जावे लागेल.

पाचोरेकर (सध्या पुणे) :

मी रेण्वीय निदान प्रयोगशाळेत काम करतो. डॉक्टरसाहेबांनी पाया घालून दिला आहे. मी पुढचे सांगतो.

या कामासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत एसटीआर तपासणी होय. आपल्या डीएनएमध्ये काही ठिकाणी बहुधा चार अक्षरांचा एक छोटा क्रम पाठोपाठ पुन:पुन्हा येतो आणि तो किती वेळा येतो हे माणसागणिक बदलते. प्रत्येक ठिकाणी एक आकडा आईकडून आणि एक वडिलांकडून येतो. उदाहरणार्थ, अकराव्या गुणसूत्रावरील टीएच०१ या स्थानी एखाद्याचे आकडे ६ आणि ९.३ असतील, ९.३ म्हणजे नऊ पूर्ण आवर्तने आणि वर तीन अक्षरे. एका स्थानावर दोन माणसांचे आकडे सहज जुळतात, पण अशी पंधरा-वीस स्थाने एकत्र घेतली की दोन परक्या माणसांची सगळी जोडी जुळण्याची शक्यता अब्जावधींत एक इतकीही उरत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय डीएनए नोंदसंचासाठी १ जानेवारी २०१७ पासून तेरा ऐवजी वीस स्थाने धरली जातात, आणि बाजारातील बहुतेक संच ती सर्व स्थाने एकाच नळीत वाढवतात, म्हणजे त्यांच्या असंख्य प्रती काढतात. गुन्हे-तपासातील आणि पितृत्वाच्या खटल्यातील चाचणी मुळात हीच आहे.

मेणातील तुकड्यातून डीएनए मिळतो. ब्लॉकमधून ५ ते १० मायक्रॉन जाडीचे काही काप घेतात, झायलीनने मेण काढून टाकतात, प्रोटिनेझ के या विकराने ५६ अंश तापमानावर ऊती विरघळवतात आणि मग सुमारे ९० अंशांवर तापवून फॉर्मलीनने डीएनएत बांधलेल्या गाठी शक्य तेवढ्या सोडवतात. प्रत्येक ब्लॉकसाठी पाते नवीन हवे आणि वरचे पहिले काप फेकून द्यायला हवेत. ही दक्षता नसेल तर जी मिसळ शोधायची आहे, तीच आपण नव्याने करून ठेवतो. सोबत एक कोरी नळीही शेवटपर्यंत चालवतात. तिच्यात कोणाचाही डीएनए दिसला तर संपूर्ण फेरी रद्द समजतात. काम करणाऱ्या माणसांचे स्वतःचे आकडेही चांगल्या प्रयोगशाळेत नोंदवून ठेवलेले असतात.

अडचण येते ती डीएनएच्या तुकड्यांची. फॉर्मलीनमध्ये राहिलेला डीएनए ठिकठिकाणी तुटतो आणि दोन-तीनशे अक्षरांपेक्षा लांब तुकडे फार थोडे उरतात. नेहमीच्या संचातील काही स्थानांना चारशेच्या आसपास अक्षरांचा अखंड तुकडा लागतो. ती स्थाने अशा नमुन्यात सर्वांत आधी गळतात. म्हणूनच आखूड तुकड्यांवर चालणारे मिनी-एसटीआर संच निघाले. डीएनए अगदीच चुरा झाला असेल, तर एका-एका अक्षराचा फरक पाहणारी एसएनपी तपासणी करता येते. तिला शंभराच्या आतबाहेर अक्षरांचा तुकडाही पुरतो, मात्र एका स्थानावरून माहिती कमी मिळत असल्याने स्थाने जास्त तपासावी लागतात. फॉर्मलीन बफर केलेले (आम्लता वाढू नये म्हणून क्षार घातलेले) होते का, हेही महत्त्वाचे आहे. साध्या फॉर्मलीनमध्ये हळूहळू फॉर्मिक आम्ल तयार होते आणि ते डीएनए कुरतडते. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा दिवसांत बाटलीत फॉर्मलीन पुरेसे नसेल किंवा झाकण सैल राहून तुकडा कोरडा पडला असेल, तर त्याचाही परिणाम होतो. तुकडा टिकवण्यासाठी बुइनचे द्रावण वापरले असेल तर त्यातील पिक्रिक आम्लामुळे डीएनएची आशा फार धरू नये; कोणते द्रावण होते, हे आधीच विचारून घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपण प्रयोगशाळेला "हा ब्लॉक माझ्या वडिलांचा आहे का?" असे विचारले आणि तिने सगळा ब्लॉक विरघळवून डीएनए काढला, तर उत्तर बहुधा "होय, जुळतो" असेच येईल आणि तरीही आपली शंका जिवंत राहील. समजा, त्या ब्लॉकमध्ये वडिलांचे दोन निर्दोष तुकडे आहेत आणि कर्करोगाचा कण परका आहे. सगळे एकत्र केले की वडिलांचा डीएनए नव्वद टक्क्यांहून अधिक भरेल आणि परक्या कणाचे शिखर आलेखावर दिसलेच तर इतके लहान दिसेल की, ते दुर्लक्षिले जाऊ शकते. म्हणून प्रश्न ब्लॉकबद्दल विचारू नका, कर्करोगाच्या त्या विशिष्ट भागाबद्दल विचारा. पॅथॉलॉजिस्टने रंगवलेल्या काचेवर तो भाग शाईने वेढून द्यायचा, शेजारच्या न रंगवलेल्या कापावरून फक्त तेवढाच भाग खरवडून घ्यायचा आणि भाग फारच लहान असेल तर लेझरने पेशी कापून वेगळ्या करायच्या.

तीन नमुने एकत्र चालवावेत, असा माझा आग्रह असतो. पहिला वडिलांच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेला, दुसरा त्याच ब्लॉकमधील निर्दोष तुकड्याचा आणि तिसरा कर्करोगाच्या भागाचा. दुसरा नमुना अनेक जण वाचवू पाहतात. तो वाचवू नये. गाल आणि निर्दोष तुकडा जुळले, पण कर्करोगाचा भाग वेगळा निघाला, तर परका कण. गालाशी दोन्ही तुकडे जुळले नाहीत, पण आपसांत जुळले, तर संपूर्ण अदलाबदल. तिन्ही जुळले, तर तो कर्करोग आपल्या वडिलांचाच आहे. त्या गृहस्थांची तयारी असल्यास त्यांच्याही गालाचा नमुना त्याच वेळी द्यावा, म्हणजे न जुळल्यास तो त्यांचा आहे का, हे लगेच कळेल. इथे एक दिलासाही आहे. आपल्याला जगातील सर्व माणसांमधून एकाला शोधायचे नाही; त्या दिवशी त्या टेबलावर आलेल्या मोजक्या रुग्णांपैकी कोण, एवढेच ठरवायचे आहे. त्यामुळे वीसपैकी आठ-दहाच स्थाने वाचता आली, तरी त्या दोघांत भेद करायला ती सहसा पुरतात.

निकाल वाचताना एक सावधगिरी लागते. कर्करोगाच्या पेशींचा डीएनए रुग्णाच्या निरोगी डीएनएसारखा तंतोतंत राहत नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगात आठव्या गुणसूत्राच्या लहान बाहूचा भाग गळणे ही नेहमीची गोष्ट आहे. असा भाग गळाला की, त्यावरील स्थानी दोन आकड्यांऐवजी एकच दिसतो. आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या काही कर्करोगांत तर आवर्तनांचे आकडेच अस्थिर होतात आणि नवेच आकडे उगवतात. त्यामुळे एखाद्या स्थानी एक आकडा गायब असेल तर घाबरू नये. वडिलांकडे नसलेले आकडे तीन-चार किंवा अधिक स्थानांवर स्पष्ट दिसले, तर मात्र तो भाग त्यांचा नाही. चांगल्या रिपोर्टमध्ये "जुळतो" आणि "जुळत नाही" यांच्या जोडीला "निष्कर्षासाठी अपुरा" हाही शेरा असू शकतो; तो आल्यास प्रयोगशाळेला दोष देऊ नये.

तापीकाठ (रावेर) :

दोघांचेही मनापासून आभार. दोन गोष्टी विचारतो. ते गृहस्थ आमच्या भाऊबंदकीतलेच आहेत. आमचे पणजोबा सख्खे भाऊ होते. इतक्या जवळच्या रक्ताच्या माणसांत ही चाचणी भेद करू शकते का? आणि एका ठिकाणी "पुरुष रुग्णांसाठी वाय गुणसूत्राची तपासणी करा, ती स्वस्त पडते" असे सुचवण्यात आले. ती करावी का? वडिलांना गेल्या वर्षी अपघातानंतर रक्तही चढवले होते, त्याने काही बिघडते का?

पाचोरेकर (सध्या पुणे) :

वाय गुणसूत्राची तपासणी आपल्या बाबतीत मुळीच करू नये. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ न बदलता जाते. आपले वडील आणि ते गृहस्थ एकाच पूर्वजाच्या पुरुषवंशातले असल्यामुळे दोघांच्या वाय गुणसूत्रावरील आकडे बहुतांशी एकच निघतील. मग तुकडा कोणाचाही असो, अहवाल "जुळतो" असाच येईल. आपल्या भागात एका गावातले एका आडनावाचे लोक पुष्कळदा एकाच कुळीचे असतात, त्यामुळे जिथे नावाचा घोटाळा होण्याची शक्यता सर्वाधिक, नेमकी तिथेच ही चाचणी निकामी ठरते. सुचवणाऱ्यांच्या हे ध्यानात आलेले दिसत नाही.

इतर गुणसूत्रांवरील एसटीआर स्थानांचे तसे नाही. तिथे प्रत्येक पिढीत आईकडचा अर्धा वाटा नव्याने मिसळतो. सख्ख्या भावांमध्येसुद्धा पंधरा-वीस स्थानांपैकी बऱ्याच ठिकाणी फरक पडतो. तीन पिढ्यांपूर्वीच्या नात्यात तर आकडे जवळपास परक्या माणसांइतके वेगळे असतात. भेद होत नाही तो फक्त एकरूप जुळ्यांमध्ये. नात्याची माहिती मात्र प्रयोगशाळेला आधीच द्या, म्हणजे जुळण्याची शक्यता मोजताना ते ती धरतील आणि स्थाने कमी वाचली गेली तर निष्कर्ष जपून काढतील.

या संचांत लिंग सांगणारे अमेलोजेनिन नावाचे एक स्थान असते. एक्स गुणसूत्रावरील त्याचा तुकडा वायवरच्या तुकड्यापेक्षा सहा अक्षरांनी आखूड असतो. स्त्री आणि पुरुष यांच्या नमुन्यांची सरमिसळ त्यावरून चटकन उघड होते. आपल्याकडे दोन्ही रुग्ण पुरुष असल्याने त्याचा उपयोग नाही, पण वाचकांसाठी एक इशारा नोंदवतो. हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी २००२ साली दाखवले की, त्यांनी तपासलेल्या २७० भारतीय पुरुषांपैकी ५ जणांमध्ये वायवरील हा भाग गळलेला होता. अशा पुरुषाचा नमुना या एका स्थानावरून स्त्रीचा वाटतो. लिंगाचे उत्तर अनपेक्षित आले तर बाकीचे आकडे पाहिल्याशिवाय कोणावर आरोप करू नये.

वर्षभरापूर्वी चढवलेल्या रक्ताने काही बिघडत नाही. दात्याच्या पांढऱ्या पेशी इतका काळ अडथळा आणण्याइतक्या उरत नाहीत. खरी अडचण येते ती दुसऱ्याचा अस्थिमज्जा बसवलेल्या रुग्णात, कारण त्याच्या रक्तात कायम दात्याचा डीएनए असतो आणि गालाच्या नमुन्यातही तो मिसळलेला आढळतो. तिथे केसांची मुळे घेणे बरे. आपल्या वडिलांसाठी गालाची काडी पुरे. काडी घेण्यापूर्वी त्यांनी चूळ भरावी, अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये आणि तंबाखूची सवय असेल तर तोंड नीट धुवावे.

गिरणाकाठ (चाळीसगाव) :

मी वकील असून, शास्त्रातले मला फारसे कळत नाही, म्हणून केवळ कागदांपुरते लिहितो. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. अर्ज वडिलांच्या सहीचा असावा आणि त्यावर पोच घ्यावी. ब्लॉक आणि काचा यांची मागणी त्याच अर्जात स्पष्ट शब्दांत, क्रमांकांसह करावी. सगळे ब्लॉक एकदम हलवू नका. ज्या ब्लॉकची शंका आहे तो आणि एक निर्दोष ब्लॉक घ्या. शक्य असेल तर मूळ प्रयोगशाळेनेच तो परस्पर दुसऱ्या प्रयोगशाळेकडे मोहोर लावून पाठवावा, अशी विनंती करा. आपण स्वतः पिशवीत घालून नेलेल्या ब्लॉकवर उद्या "वाटेत काय झाले?" हा प्रश्न सहज उपस्थित होतो.

दुसऱ्या कुटुंबाची संमती स्वतंत्र आणि लेखी हवी. त्यांची तयारी तोंडी असणे पुरेसे नाही, आणि त्यांचा रिपोर्ट त्यांनाच मिळावा. नाशिकची शासकीय न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा पोलीस किंवा न्यायालयामार्फत आलेले नमुने तपासते, त्यामुळे तिकडे थेट अर्ज करून उपयोग नाही. या कामाची मान्यता असलेली खासगी किंवा मोठ्या कर्करोग रुग्णालयातील प्रयोगशाळा शोधावी लागेल. पुढे खरोखरच चूक उघड झाली, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण आज तक्रारीची भाषा वापरू नका. ब्लॉक मिळवण्यासाठी आपल्याला त्यांच्या सहकार्याची गरज आहे.

तापीकाठ (रावेर) :

अर्ज दिला आणि मूळ प्रयोगशाळेचा सूर बदलला. क्रमांकांची साखळी त्यांनी दाखवली. दोन्ही रुग्णांचे क्रमांक पाठोपाठचेच आहेत. खोल काप काढून पाहिले असता कर्करोगाचा भाग पुढच्या एका कापात दिसला आणि नंतर संपला. म्हणजे ब्लॉकमध्ये आता तो भाग उरलेलाच नाही; जे आहे ते रंगवलेल्या दोन काचांवर आहे. अशा स्थितीत डीएनए तपासणीचा मार्ग बंद झाला, असे समजायचे का?

सूक्ष्मदर्शी (धुळे) :

बंद झालेला नाही. तो भाग पुढच्या कापातही दिसला, याचा अर्थ तो पाण्यावरून आलेला कण नाही. तो ब्लॉकमध्ये होता. त्यामुळे आता प्रश्न उरतो तो संपूर्ण अदलाबदलीचा किंवा मेणात बसवण्यापूर्वीच्या मिसळीचा. संपूर्ण अदलाबदलीचे उत्तर उरलेल्या निर्दोष तुकड्यांवरूनही मिळेल, म्हणून ते आधी तपासून घ्या. ते वडिलांच्या गालाशी जुळले नाहीत तर काचांना हात लावण्याची गरजच पडणार नाही. त्या गृहस्थांच्या ब्लॉकची तपासणी मात्र त्यांच्या हितासाठी तेव्हा तातडीची ठरेल, कारण त्यांचा पीएसए जास्त आहे आणि त्यांना निर्दोष म्हणून घरी पाठवले आहे.

पाचोरेकर (सध्या पुणे) :

निर्दोष तुकडे जुळले, तर रंगवलेल्या काचेवरूनही डीएनए काढता येतो. हेमॅटॉक्सिलीन आणि इओसिन या नेहमीच्या रंगांमुळे डीएनए थोडा कमी मिळतो, पण आखूड स्थानांच्या संचाला तो बहुधा पुरतो. वरची पातळ काच झायलीनमध्ये भिजवून सुटी करावी लागते. काच नवी असेल तर एक-दोन दिवसांत सुटते, जुनी असेल तर जास्त वेळ लागतो, आणि ती ओढून काढल्यास ऊतीही निघून येते. मग सूक्ष्मदर्शकाखाली वेढलेला भाग तेवढा खरवडून नळीत घेतात.

दोन काचांपैकी एकच वापरा. जी वापराल ती कायमची नष्ट होणार असल्यामुळे खरवडण्यापूर्वी तिचे संपूर्ण डिजिटल स्कॅन करून घ्या, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे स्वतंत्र मत त्याच काचेवर आधी लेखी घ्या आणि त्या भागाचा दर्जा ठरवताना काही शंका असेल तर ती तेव्हाच मिटवा. डीएनए जुळला म्हणजे तो तुकडा वडिलांचा आहे एवढेच कळते. त्यात दिसलेला तो लहानसा भाग खरोखरच कर्करोग आहे की नाही, याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखालीच द्यावे लागते, आणि त्यासाठी काच शाबूत हवी.